पाहुण्यांची रांग

ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर रोज आभाळ भरून यायला लागलं, तसं वीटभट्टीवरच्या लोकांनी मान वर करून बघायचंच सोडून दिलं. बघून करणार काय? कच्च्या विटा उघड्यावर वाळत पडलेल्या, भट्टी अजून रचून व्हायची, आणि दुपार कलली की पश्चिमेकडून काळं चढायचं. पडायचं मात्र नाही. तासभर डोक्यावर बसायचं आणि आल्या वाटेने निघून जायचं. यापेक्षा पडणारं आभाळ परवडलं, असं थोरलीची आई म्हणायची. निदान जायचं ते एकदाचं जातं.

ती विटा पाडायची. पहाटेपासून उकिडवं बसून चिखलाचा गोळा उचलायचा, साच्यात आपटायचा, वरून हात फिरवायचा आणि साचा वाळूवर उपडा करायचा. दिवसभर एवढंच. संध्याकाळी उठायची तेव्हा गुडघे आधी उठायचे नाहीत, दोन्ही हात जमिनीला टेकून त्यांची समजूत काढावी लागायची. नवरा चिखल तुडवायचा. तो फार कमी बोलायचा, म्हणून भट्टीवर त्याला सगळे वकील म्हणायचे. दिवसातून एक वाक्य बोलला तर बोलला, पण ते निकाल दिल्यासारखं असायचं. धाकटा वाळूत बसून वाळू खायचा, आणि त्याच्या तोंडात बोट घालून ती काढणं हे शाळा नसेल तेव्हा थोरलीचं काम होतं.

थोरली त्या वर्षी दुसरीत होती. मागच्या वर्षीही दुसरीतच होती आणि त्याच्या आदल्या वर्षीही. पोर काही मठ्ठ नव्हती. काम संपेल तिथून बिऱ्हाड उचलायचं आणि काम निघेल तिथे टाकायचं, आणि परीक्षा नेमकी मधल्या कुठल्यातरी रस्त्यावर निसटून जायची. गावी परतलं की तिथले मास्तर विचारायचे, परीक्षा दिलीस का? नाही ना? मग बस पुन्हा दुसरीत. ज्या मामेबहिणीला हिने बोट धरून चालायला शिकवलं ती आता हिच्या वर्गात येऊन बसली होती. हिचे पाय मांडी घातली तरी रांगेबाहेर यायचे.

"अजून एकदा दुसरीत बसली तर पुढच्या वर्षी साचा धरेल," वकिलाने हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. त्या दिवसाचं वाक्य तेवढंच होतं.

पण या वर्षी भट्टीचं काम लांबणार होतं, परीक्षेच्या पार पुढेपर्यंत. मुकादम तसं म्हणाला त्या दिवशी थोरलीच्या आईला उगीचच हलकं वाटलं होतं. इतरांनी कपाळाला हात लावला आणि हिने मनातल्या मनात लेकीची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली, की एकदाची पोर तिसरीत जाईल.

शाळा भट्टीपासून हाकेच्या अंतरावर होती. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर आणि पुढे तारेला टांगलेला लोखंडाचा तुकडा, तीच घंटा. वस्तीतली चांगली खात्यापित्या घरची मुलं हळूहळू मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत गेली होती. तिथली पिवळी बस दारात यायची आणि मुलांच्या गळ्यात टाय असायचा. इथे उरली ती बसचं भाडं न परवडणाऱ्यांची. पट एवढा खाली आला की वरून विचारणा झाली, शाळा ठेवायची कशासाठी? तेव्हा हेडसर याही हंगामात सायकल काढून भट्टीवर आले होते.

किडकिडीत माणूस, मानेभोवती रुमाल. बसायला काही नव्हतं म्हणून एका उपड्या घमेल्यावर बसले आणि म्हणाले, "पोरं द्या मला."

"आमची पोरं तुमच्या काय कामाची, सर?" थोरलीची आई म्हणाली होती. "आज आहेत, उद्या नाहीत."

"मला पोरं लागतात, ताई. आजची लागतात. उद्याचं उद्या बघू."

एवढा शिकलेला माणूस घमेल्यावर बसून काहीतरी मागतो आहे, हे तिला आवडलं होतं. भट्टीवरच्या सगळ्या घरांनी पोरं दिली. शाळा वाचली.

मग एक दिवस थोरली शाळेतून आली ती ऐटीतच.

"आई, मी शाळेत पाहुणी आहे."

"कोण म्हणालं?"

"बाई म्हणतात. हजेरीत बाकीच्यांची एकेक करून नावं घेतात, त्यांना एकेकट्याने ओरडावं लागतं. आमचं शेवटी असतं. बाई विचारतात, पाहुणे? मग आम्ही भट्टीवरचे सगळे मिळून म्हणतो, हजर. आमचा आवाज सगळ्यात मोठा येतो."

"आणि बसवतात कुठे पाहुण्यांना?"

"मागच्या रांगेत. तिथे खिडकी आहे. वारा येतो."

आईला बरं वाटलं. का वाटू नये? जिथे जाईल तिथे भट्टीवाले, चिखलवाले, एवढंच ऐकलेलं. पाहुणी हा शब्द चांगला होता. दुसऱ्या दिवसापासून तिने थोरलीचं तोंड खसाखसा धुवायला सुरुवात केली, तेल चोपून वेणी घातली आणि लग्नाकार्यासाठी ठेवलेला फ्रॉक काढला. "पाहुणी म्हणून जायचं आणि असं माखलेल्या पायांनी?" असं म्हणत घोटे दगडाने घासले. पोर कळवळली, पण पाय मागे घेतले नाहीत.

वकिलाने चिखलातून बघितलं. "पाहुणी आहेस तर जेवूनच येत जा," तो म्हणाला. थोरली दिवसभर हसत होती.

परीक्षेला आठवडा राहिला असेल. त्या दिवशी आभाळ जरा जास्तच खाली आलं. मुकादम ओरडत फिरायला लागला, विटा उचला, ढीग करा, झाका. माणसं कमी पडत होती. थोरलीची आई हात न धुताच शाळेकडे निघाली, की पोरीला घेऊन यावं.

दुपारच्या सुट्टीनंतरची हजेरी चालली होती. ती खिडकीपाशी थांबली. बाई एकेक नाव घेत होत्या. ज्याचं नाव निघेल ते पोर ताठ व्हायचं, हजर म्हणायचं, आणि बाई मान वर करून त्याच्याकडे बघायच्या. पुढची मुलं सतरंजीवर होती. मागे भिंतीला टेकून भट्टीवरची, रिकाम्या पोत्यांवर. शेवटी बाई खाली मान घालूनच म्हणाल्या, "पाहुणे?"

"हजर," मागची सगळी रांग एकदम ओरडली. त्यात थोरलीचा आवाज सगळ्यात वर होता. बाईंनी काही मान वर केली नाही.

आईला काहीतरी खटकलं, पण काय ते चटकन सापडेना. तेवढ्यात बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं आणि त्या दाराशी आल्या. तरुण होत्या, बोलायला गोड.

"घेऊन जा तिला. आणि ऐका, पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. तेवढे दिवस पाहुण्यांना सुट्टी. तुमच्याही कामाला हात होतील."

"बरं झालं बाई," थोरलीची आई म्हणाली. "आमची फार अडचण होती. उपकार झाले."

ढीग रचून, वर ताडपत्री ओढून, कडांना दगड ठेवून होईपर्यंत संध्याकाळ झाली. नेहमीप्रमाणे आभाळ न पडताच गेलं. घामाने चिकटलेले केस मागे सारत थोरलीने विचारलं, "आई, परीक्षेला सुट्टी, तर मग मी तिसरीत कशी जाणार?"

आईच्या हातात दगड होता. तो तिने होता तिथेच ठेवला.

परीक्षा पाहुण्यांसाठी नव्हती. सतरंजी पाहुण्यांसाठी नव्हती. आणि आपण वर उपकार मानून आलो होतो. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की रात्री चुलीपुढे बसून ती लेकीकडे बघेना. घासून घासून लाल केलेले घोटे दिसत होते, तिकडे तर तिने बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती हेडसरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. पाय धुतले होते, तरी फरशीवर ओले ठसे उमटतील म्हणून उंबरठ्याबाहेरच. हेडसर डबा खात होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"सर, माझ्या मुलीला परीक्षेला बसवा."

हेडसरांनी रुमालाने तोंड पुसलं. ते बराच वेळ पुसत राहिले. "बाईंनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं. मला तेव्हा समजलं नाही. आता समजलं."

"हे बघा ताई, गेल्या वर्षी आमचा निकाल या भागातल्या सगळ्या शाळांत शेवटचा आला. शेवटचा. का, ते मला माहिती आहे. अर्धी मुलं हंगामाच्या मधेच येतात, मधेच जातात. त्यांनी पहिली एका ठिकाणी अर्धी केलेली असते, दुसरी दुसऱ्या ठिकाणी अर्धी. त्यांचा काय दोष? पण वरचे साहेब दोष विचारत नाहीत, टक्के विचारतात. या वर्षी पुन्हा खाली गेलो तर ही शाळा नदीपलीकडच्या शाळेत मिसळणार. मग इथल्या लहान मुलांनी पूल ओलांडून जायचं. जातील?"

"नाही जाणार."

"मग?"

"मग आमची पोरं पटाला पाहिजेत, आणि निकालाला नकोत, असंच ना?"

हे तिने रागाने म्हटलं नाही. हिशेब समजून घेतल्यासारखं म्हटलं. हेडसरांना ते रागापेक्षा जास्त लागलं असावं, कारण ते खुर्चीतून उठले आणि उठून करायचं काय ते न सुचून पुन्हा बसले.

"तिला वाचता येतं का सलग?" त्यांनी विचारलं.

"अडखळते."

"मी तेच म्हणतोय."

"सर, बसून नापास झाली तर मी एका शब्दाने बोलणार नाही. तिचा बाप तिला कामाला लावेल, मी साचा तिच्या हातात देईन. पण न बसवताच नापास करू नका. तुम्ही घमेल्यावर बसून पोरं मागितली होती. आम्ही नाही म्हणालो नाही."

हेडसर डब्याच्या झाकणाकडे बघत होते. "एकीला बसवता येत नाही," ते म्हणाले. "बसवायचं तर सगळ्यांना."

"मग सगळ्यांना."

"बघू," हेडसर म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे तिला आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होतं. ती परत आली आणि संध्याकाळपर्यंत विटा पाडल्या. त्या दिवशी साचा उपडा करताना तिच्या हातून कितीतरी विटांचे कोपरे मोडले.

परीक्षेच्या सकाळी आभाळाने मुहूर्त साधला. दुपारची वाटही बघितली नाही. आधी वारा सुटला, ताडपत्र्या फडफडल्या, मग टपोरे थेंब वाळूत भोकं पाडायला लागले. झोपड्यांतून सगळे धावत सुटले. विटांच्या रांगांवर जे सापडेल ते टाकायचं, गोणपाट, पत्रे, अंगावरच्या चादरी. थोरली वेणी घालून दारात उभी होती, अंगात तोच फ्रॉक.

"हात पाहिजेत," वकील तिच्याकडे बघून म्हणाला.

"माझे दोन आहेत," थोरलीच्या आईने सांगितलं. "तू जा गं."

"सुट्टी आहे ना पण?"

"जा आणि दारात उभी राहा. घेतलं तर आत बस. नाही घेतलं तर ये परत."

वकिलाने बायकोकडे बघितलं. बोलायला त्याच्याकडे त्या दिवसाचं वाक्य उरलं नव्हतं. त्याने पत्रा उचलला आणि तो पळत सुटला.

थोरली एकटी गेली नाही. तिला एकटीला लाज वाटली. झोपडी झोपडीत डोकावून ती म्हणत गेली, "पाहुण्यांनो, चला," आणि ज्यांच्या आया विटांच्या मागे होत्या ती सगळी पोरं तिच्या मागे निघाली. कुणी डोक्यावर पोतं घेतलं होतं. कुणी नुसतंच.

शाळेत पेपर वाटून झाले होते. ही रांग पायरीखाली उभी राहिली. आत पुढची मुलं माना वळवून बघायला लागली. बाईंनी हेडसरांना हाक मारली. हेडसर दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात उरलेले पेपर होते, ते त्यांनी पाऊस लागू नये म्हणून शर्टाच्या आत धरले होते.

"सर, भिजतायत ती," बाई हळूच म्हणाल्या.

हेडसरांनी रांगेवरून नजर फिरवली. थोरलीच्या फ्रॉकचा रंग उतरून तिच्या पिंढऱ्यांवर निळे ओघळ आले होते. ते तिच्यावरून पुढे गेले, मग परत तिच्यावर आले.

"चपला बाहेर काढा," ते म्हणाले.

निम्म्यांच्या पायात चपला नव्हत्याच. त्यांनी नुसते पाय झटकले आणि सगळी आत गेली.

त्या दिवशी भट्टीवर एका कडेच्या रांगा वितळल्या. त्या थोरलीच्या आईच्या होत्या. ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, वारा ते उचलत राहिला आणि ती एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली. पाऊस थांबला तेव्हा विटांच्या जागी गुळगुळीत चिखल होता. कितीतरी दिवसांचं काम पुन्हा मातीत गेलं. मुकादम येऊन जे बोलायचं ते बोलून गेला. वकील चिखलात उतरला. त्याने कुदळ घेतली आणि तोच चिखल पुन्हा खड्ड्यात ओढायला लागला. दोन दिवस त्याने बायकोकडून हातात पाणीसुद्धा घेतलं नाही, स्वतः उठून घेतलं.

"काय विचारलं होतं पेपरात?" आईने थोरलीला विचारलं.

"पुष्कळ होतं."

"आलं?"

"थोडं आलं. तोंडीला धडा अर्धा वाचून झाला आणि बाईंनी थांबवलं. पण आई, मी अडखळले तरी त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या."

जे झालं ते झालं. नंतरचे दिवस कडक उन्हाचे निघाले, आभाळाचा पत्ताच नाही. विटा वाळल्या, भट्टी रचली, पेटली, विझली. निघायचा दिवस आला.

भांडी, कपडे, साचा, सगळं एका मोठ्या गाठोड्यात बांधून झालं होतं. ट्रॅक्टर यायचा होता. वकील गाठोड्यावर बसून गाठ पक्की झाली की नाही ते बघत होता, तेवढ्यात हेडसरांची सायकल आली. थोरलीची आई उठून उभी राहिली.

"निकाल लागला," हेडसर म्हणाले. मानेभोवतीचा रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. "भट्टीवरची काही राहिली, काही गेली. तुमची तिसरीत गेली. काठावर आहे, पण गेली."

आईला एकदम रडू आलं. तिने पदर तोंडाला लावला नाही, काही नाही, तशीच रडली. वकील गाठोड्यावरून खाली उतरला. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चिखल नसतानाही सवयीने तो आधी पँटला पुसून मग ठेवला.

"आणि शाळा?" आईने विचारलं.

"शाळा शेवटून पहिलीच आली."

"मग आता?"

"वरून पत्र आलंय. बघू."

बघू कशाला म्हणतात ते दोघांनाही माहीत होतं. तिला एका पोरीचा आनंद आणि त्या दोन खोल्यांचं वाईट वाटणं एकाच वेळी झेपेना. "आमच्यामुळे झालं," ती म्हणाली.

"पेपर मी वाटले," हेडसर म्हणाले. "तुमच्यामुळे कसं होईल?"

थोरलीचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती गाठोड्याची गाठ सोडायला बसली होती.

"अगं काय करतेस? आत्ता बांधलंय ते."

"ग्लास काढते."

"ग्लास पार तळाशी आहे. झाकणातून दे पाणी."

"पाहुण्यांना झाकणातून देतात का?" थोरलीने असं काही बघितलं की आई बाजूला सरकली. थोरलीने अर्धं गाठोडं उपसलं, कपडे एकीकडे, भांडी एकीकडे, ग्लास काढला, पुसला. मग घमेलं उपडं करून त्यावर फ्रॉक अंथरला, तोच, निळा उतरलेला. "बसा सर."

हेडसर बसले. त्यांनी पाणी घेतलं आणि हातात तसंच धरून ठेवलं.

"सर, पुढच्या वर्षी आले की तेव्हाही मी पाहुणीच का?"

हेडसर थोडं पाणी प्यायले. "पुढच्या वर्षी बहुतेक मीच पाहुणा असेन," ते म्हणाले. "नदीपलीकडच्या शाळेत. तिथे त्यांचे हेडसर आहेत. मला कुठेतरी मागे बसवतील."

थोरलीने यावर मनापासून विचार केला. तिला त्यातलं पुष्कळ माहीत होतं.

"मागची रांग चांगली असते, सर," ती म्हणाली. "फक्त खिडकीजवळची जागा धरा. आणि हजेरीला जोरात ओरडा, नाहीतर बाई वर बघत नाहीत."